झाडपाल्याच्या पुडीत धातू

आठवड्याचा बाजार भरला आहे. भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला एक माणूस चादर अंथरून बसला आहे. पुढे काचेच्या बरण्या मांडल्या आहेत. बरण्यांत मुळ्या, साली, वाळलेली पाने आणि नाना रंगांची चूर्णे आहेत. भोंग्यातून आवाज येतो आहे :

"सुटलेलं पोट आत जाईल! महिन्यात दहा किलो वजन उतरेल! शुद्ध झाडपाल्याचं औषध! पथ्य नाही, अपाय नाही!"

लोक थांबतात. कोणाचे गुडघे दुखतात. कोणाला जिना चढताना दम लागतो. कोणाला डॉक्टरांनी सांगितलेले असते, की वजन कमी करा. पैसे मोजले जातात. पुडी घरी येते. हल्ली हाच आवाज मोबाइलमधूनही येतो, आणि औषधाचा डबा टपालाने दारात येऊन पडतो.

समजा, अशीच एक पुडी एका मावशींनी घेतली. मावशी पन्नाशीच्या. सकाळी एक चमचा आणि संध्याकाळी एक चमचा चूर्ण त्या कोमट पाण्याबरोबर घेऊ लागल्या. दोन महिने गेले. अंगातली चोळी सैल झाली. मावशींना आनंद झाला. एके दिवशी गावची आशाताई घरी आली. ती म्हणाली :

"मावशी, चांगल्याच उतरलात की हो!"

"होय गं पोरी. चूर्ण लागू पडलं मला. पण मधूनमधून पोटात कळ येते बघ. भूक तर मेलीच आहे. चार-चार दिवस परसाकडला साफ होत नाही. जरा काम केलं की गळून जायला होतं."

"कसलं चूर्ण घेता?"

"झाडपाल्याचं आहे. त्यात वाईट काय असणार?"

"पुडीवर काय लिहिलंय?"

"पुडीवर? काहीच नाही. साधी पिशवी आहे."

"त्यात वाईट काय असणार?" हा मावशींचा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो. या पाठात आम्ही त्याचेच उत्तर देणार आहोत.

झाडपाला म्हणजे निर्धोक का?

आपण शेतकरी माणसे. झाडपाला आपल्याला नवा नाही. तुळस, आले, हळद, ओवा ही तर आपल्या घरातलीच औषधे. पण धोतराही झाडच आहे आणि कण्हेरही झाडच आहे. त्यांचे बी पोटात गेले तर माणूस दगावू शकतो. तेव्हा झाडापासून आले म्हणून निर्धोक, असे म्हणता येत नाही. हे आपल्याला ठाऊकच आहे.

पण आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट वेगळी आहे. झाड चांगले असते. पान चांगले असते. तरीसुद्धा त्याच्या चूर्णात दुसरेच काही मिसळलेले असू शकते. ते म्हणजे विषारी धातू.

सगळेच धातू वाईट नाहीत. लोखंड आपल्या रक्ताला लागते. पण शिसे, पारा, सोमल आणि कॅडमियम यांचा शरीराला काडीचाही उपयोग नाही. ती पोटात गेली तर अपायच होतो.

शिसे तुम्ही पाहिलेले आहे. मासे धरायच्या जाळ्याला वजनासाठी शिशाच्या गोळ्या लावतात. ट्रॅक्टरच्या बॅटरीत शिसे असते. पारा म्हणजे ताप मोजायच्या जुन्या काचेच्या नळीतली चकचकीत रेघ. सोमल म्हणजे आर्सेनिक. ते जुन्या काळापासून जहाल विष म्हणून प्रसिद्ध आहे. कॅडमियम हाही एक धातू आहे. तो मूत्रपिंडांना बाधतो.

येथे एक शंका येईल. आपण लिहायला शिकलो ते शिसपेन्सिलीने. मग तिच्यात शिसे असते का? नाही. तिचे नाव तेवढे शिसपेन्सिल. आतली काळी कांडी ग्रॅफाइटची असते. ग्रॅफाइट हा कोळशाचा सोयरा. त्याची भीती नको.

धातू चूर्णात येतो कसा?

याला चार वाटा आहेत.

पहिली वाट जमिनीची. झाड मुळांनी पाणी ओढून घेते. पाण्याबरोबर जमिनीत असेल ते थोडेथोडे वर चढते. कारखान्याचे घाण पाणी जिथे मुरते, तिथल्या मुळ्या-पानांत धातू उतरतात. मोठ्या रस्त्याकडेच्या झाडांवर धूळ बसते. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे घालीत. आपल्या देशात ते २००० साली बंद झाले. पण धुराबरोबर मातीत पडलेले शिसे कुजत नाही. ते तिथेच राहते.

दुसरी वाट दळण्या-कांडण्याची. यंत्राचे भाग झिजतात. भांड्याला शिशाचा डाग दिलेला असतो. त्याचा कण चूर्णात पडतो.

तिसरी वाट भेसळीची. माल उठून दिसावा म्हणून त्याला रंग देतात. काही पिवळ्या आणि लाल रंगांत शिसे असते. बांगलादेशात हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाचा रंग चोळीत असत. २०१९ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी हे उघडकीला आणले. मग सरकारने कडक उपाय योजले.

चौथी वाट मुद्दाम घालण्याची. आयुर्वेदात रसशास्त्र नावाची शाखा आहे. त्या शाखेच्या औषधांत धातूंची भस्मे जाणूनबुजून घालतात. त्याविषयी पुढे सांगतो.

धातू डोळ्यांना दिसत नाही. जिभेला कळत नाही. नाकाला वास येत नाही. पाण्यात टाकून, चाळून, जाळून किंवा चोळून घरच्या घरी परीक्षा करता येत नाही. चूर्ण उकळले तरी धातू मरत नाही. तो जंतू नव्हे. तो आहे तसाच राहतो. त्याची परीक्षा प्रयोगशाळेतच होते.

बॉस्टन शहरातली तपासणी

अशी परीक्षा अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात झाली. तिथे आपल्याकडचे पुष्कळ लोक राहतात. त्यांच्यासाठी दुकाने आहेत. दुकानांत डाळी, मसाले, लोणची आणि आपल्याकडची औषधेही मिळतात. तिथल्या डॉक्टरांनी अशा दुकानांतून ७० तऱ्हेची आयुर्वेदिक औषधे विकत आणली. सगळी भारत आणि शेजारच्या देशांत बनलेली होती. त्यांनी ती प्रयोगशाळेत तपासली. २००४ साली त्यांनी निकाल छापला.

७० पैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. म्हणजे पाचांतले एक.

किती निघाले तेही पाहू. ज्या औषधात शिसे सर्वांत जास्त होते, त्याच्या एका किलोत ३७ ग्रॅम शिसे पडेल, असे प्रमाण होते. पाऱ्याच्या बाबतीत हाच आकडा किलोला १०० ग्रॅमहून अधिक होता.

मग त्यांनी संगणकावरून मागवलेली १९३ औषधे तपासली. तो निकाल २००८ साली छापला. त्यांतही पाचांतल्या एकात धातू होते. या खेपेला काही औषधे भारतात बनलेली होती, तर काही अमेरिकेतच बनलेली होती. दोहोंत फारसा फरक दिसला नाही. तेव्हा दोष एका देशाचा नाही. जिथे तपासणी ढिली, तिथे धातू शिरतो.

याचा अर्थ नीट समजून घ्या. पाचांतले एक वाईट निघाले, म्हणजे चार निघाले नाहीत. सगळी आयुर्वेदिक औषधे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. पण कोणते चार आणि कोणते एक, हे पुडीकडे पाहून कोणालाच सांगता येत नाही. खरी अडचण इथे आहे.

शरीरात गेल्यावर काय होते?

पोटात गेलेले शिसे रक्तात उतरते. रक्तातून मेंदू, मूत्रपिंडे आणि यकृत यांत जाते. शेवटी हाडांत जाऊन बसते. हाडांत ते वर्षानुवर्षे राहते. आज थोडे, उद्या थोडे असे साठत जाते. थेंबे थेंबे तळे साचते, तसे हे विषाचे तळे साचते.

शिशाची बाधा झाली की माणूस थकतो. अंगातले रक्त कमी होते. डोके दुखते. पोटात मुरडून कळा येतात. बद्धकोष्ठ होते. रक्तदाब वाढतो. फार बाधा झाली तर हातापायांतले बळ जाते. पाऱ्याने हात कापतात, विसर पडतो, मूत्रपिंडे बिघडतात. आर्सेनिक पुष्कळ दिवस पोटात गेले तर कातडीवर डाग पडतात आणि तळहात-तळपाय जाड, खरखरीत होतात.

आता एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. शिशाच्या बाधेने भूक मरते आणि वजनही उतरते.

मावशींचे काय झाले ते आठवा. भूक मेली. अंग उतरले. पोटात कळ येऊ लागली. परसाकडला होईना. थकवा आला. ही सगळी शिशाच्या बाधेची लक्षणे असू शकतात. पण मावशींना वाटले, औषध लागू पडले! वजन कमी करायच्या पुडीचा धोका असा दुहेरी आहे. दुसऱ्या कुठल्या औषधाने माणूस रोडावला, तर घरचे काळजी करतात. या पुडीने रोडावला, तर घरचे शाबासकी देतात. बाधा वाढत जाते आणि माणूस आणखी एक पुडी आणतो.

म्हणून नुसता काटा पाहू नका. माणसाकडे पाहा. वजन चांगल्या रीतीने उतरले तर अंगात हुशारी येते. चालताना हलके वाटते. वजन उतरले आणि उभे राहायचेही त्राण नसेल, तर काहीतरी बिघडले आहे.

आईचे आणि लेकराचे

बाईच्या हाडांत शिसे साठलेले असेल, तर पोटात बाळ असताना ते हाडांतून सुटून पुन्हा रक्तात येते. आईच्या रक्तातून ते बाळाला मिळते. दिवस भरण्याआधीच बाळंतपण होणे, बाळ कमी वजनाचे होणे, असे त्याचे परिणाम होतात. लहान मुलाच्या पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा चार-पाच पट अधिक अंगी लागते. मुलाचा मेंदू वाढीला लागलेला असतो. शिसे त्या वाढीलाच धक्का लावते. मूल शिकण्यात मागे पडते. ते नुकसान पुन्हा भरून येत नाही. पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर शिसे आणखीच शोषले जाते. आपल्याकडच्या पुष्कळ बाया-मुलांच्या अंगात रक्त कमी असते. त्यांना हा धोका जास्त.

न्यूयॉर्क शहरात २०११ आणि २०१२ साली सहा गरोदर बायांच्या रक्तात शिसे जास्त निघाले. चौकशी केली, तेव्हा कळले की त्या भारतात बनलेली आयुर्वेदिक औषधे घेत होत्या. औषधे तपासली. त्यांत शिसे निघाले. त्या शहरात गरोदर बायांना शिशाच्या धोक्याविषयी विचारण्याची आणि रक्त तपासण्याची पद्धत आहे, म्हणून हे उघडकीला आले. तपासलेच नसते, तर कोणाला कळले असते?

जागतिक आरोग्य संघटनेने तर स्पष्ट सांगितले आहे, की अमुक इतके शिसे रक्तात असले तरी चालेल, असे कोणतेही माप नाही.

भस्माच्या औषधांचे काय?

भस्मे आयुर्वेदात फार जुनी आहेत. वैद्य सांगतात, की धातू शुद्ध करून, पुटे देऊन, पूर्ण विधीने भस्म केले तर ते बाधत नाही. डॉक्टर सांगतात, की शिसे जाळले तरी ते शिसेच राहते. हा वाद वैद्य-डॉक्टरांचा आहे. आपल्यासाठी गोष्ट सोपी आहे. भस्माचे औषध बाजारातून आपल्या मनाने आणून खायचे नाही. ज्याची सरकारात नोंद आहे अशा वैद्यांनी नाडी पाहून, किती दिवस आणि किती घ्यायचे ते सांगितले, तरच ते घ्यायचे. सोमल, हरताळ, हिंगूळ अशी विषारी द्रव्ये ज्या औषधात आहेत, त्याच्या डब्यावर "वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यावे" अशा अर्थाची सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापावीच लागते. तसा नियमच आहे.

एक उदाहरण देतो. गुग्गुळाने चरबी झडते, असे म्हणून पुष्कळ लोक गुग्गुळाच्या गोळ्या घेतात. पण गुग्गुळाच्या गोळ्या नाना तऱ्हेच्या असतात. महायोगराज गुग्गुळ नावाच्या गोळीत नाग भस्म असते. नाग म्हणजे साप नव्हे. आयुर्वेदात शिशाला नाग म्हणतात. नाग भस्म म्हणजे शिशाचे भस्म. गोळी दिसायला इतर गुग्गुळासारखीच काळी. फरक डब्यावरच्या अक्षरांत आहे.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात झाडपाल्याच्या औषधांसाठी धातूंची माप ठरलेली आहे. एक किलो औषधात शिसे १० मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. आर्सेनिक ३ मिलिग्रॅम, पारा १ मिलिग्रॅम, आणि कॅडमियम मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. दहा मिलिग्रॅम म्हणजे किती? तांदळाच्या अर्ध्या दाण्याचे वजन साधारण तेवढे भरते. किलोभर चूर्णात अर्ध्या दाण्याएवढे शिसे, ही हद्द. बॉस्टनला सापडलेल्या औषधात ती ३७०० पटीने ओलांडलेली होती. परदेशी पाठवायच्या झाडपाल्याच्या औषधांची धातूंसाठी तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली.

आणखी एक कायदा १९५४ सालचा आहे. अमुक औषधाने अमुक रोग हटकून बरा होतो, अशा खोट्या आशा लावणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी तो केला. कोणकोणत्या रोगांच्या औषधांची जाहिरात करायची नाही, त्यांची यादी त्या कायद्यात आहे. त्या यादीत लठ्ठपणाही आहे. म्हणजे बाजारात भोंगा लावून "महिन्यात दहा किलो उतरवा" म्हणणारा माणूस कायदा मोडतो आहे.

मग आपण काय करावे?

पहिली गोष्ट. नाव नसलेली पुडी घेऊ नये. औषधाच्या डब्यावर बनवणाऱ्याचे नाव आणि पत्ता, परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, मुदत आणि आत काय काय आहे त्याची यादी असावी. परवाना आहे म्हणून धातू नसेलच, अशी खात्री नाही. पण काही बिघडले तर जाब कोणाला विचारायचा, ते तरी कळते. पुडीवाला पुढच्या बाजाराला येईलच, असे नाही.

दुसरी गोष्ट. डबा वाचावा. यादीत नाग, पारद, हिंगूळ, हरताळ, सोमल, रससिंदूर, रसकपूर किंवा भस्म असा शब्द दिसला, तर थांबावे आणि वैद्यांना विचारावे. मजकूर इंग्रजीत असेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावा.

तिसरी गोष्ट. बिल आणि डबा जपून ठेवावा.

चौथी गोष्ट. गरोदर बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने आणि लहान मुलाने वजनाचे कुठलेही चूर्ण घेऊ नये.

पाचवी गोष्ट. असे चूर्ण घेत असाल आणि पोटात कळा, थकवा, भूक न लागणे असा त्रास असेल, तर चूर्ण लगेच थांबवावे. उरलेली पुडी फेकू नये. ती घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात जावे. "मी हे घेत होतो," असे स्वच्छ सांगावे. लाजू नये. तुम्ही सांगितले नाही, तर डॉक्टर पोटदुखीची दुसरीच कारणे शोधीत बसतील. रक्तातले शिसे मोजता येते. गावात ती सोय नसते, पण डॉक्टर रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू शकतात. पहिला उपाय म्हणजे शिसे पोटात जाणे बंद करणे. बाधा फार असेल, तर शिसे लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे असतात. ती दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायची असतात.

सहावी गोष्ट. तक्रार करावी. जिल्ह्याच्या ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाची कचेरी असते. तिथे अर्ज द्यावा. तुमच्या एका अर्जाने दहा घरे वाचतील.

आणि वजनाचे काय? ते उतरवायचेच आहे. पण ते सावकाश उतरते. चहातली साखर कमी करावी. तळलेले कमी खावे. भाकरीबरोबर भाजी आणि डाळ वाढवावी. रोज अर्धा तास भरभर चालावे. एवढे करूनही वजन वाढत असेल, तर रक्त तपासून घ्यावे. गळ्यातली एक ग्रंथी बिघडली तरीही वजन वाढते, आणि त्यावर साधे औषध आहे.

मावशींनी आशाताईचे ऐकले. पुडी घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. चूर्ण बंद झाले. हळूहळू भूक परत आली. पुढे एकदा बहीण भेटायला आली. तिच्या पिशवीत गोळ्यांचा डबा होता. मावशींनी तो हातात घेतला. चष्मा लावला. अक्षरावर बोट ठेवीत वाचू लागल्या :

"म... हा... यो... ग... रा... ज."

मग यादीवरून बोट फिरवले. एका शब्दाशी बोट थांबले.

"अगं, यात नाग आहे," मावशी म्हणाल्या. "हे तुला कुणी दिलं? वैद्यांनी, की बाजारवाल्यानं?"

बहीण म्हणाली, "बाजारातून आणलं. पण नाग म्हणजे काय गं अक्का?"

"बस इथं," मावशी म्हणाल्या. "सांगते."